दीर्घ कोविड : आरोग्य व समाजसेवांचा वापर (वडोदरा)

कोविड-१९ होऊन गेल्यावर रेंगाळणाऱ्या किंवा नव्याने सुरू होणाऱ्या आजाराला दीर्घ कोविड म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर २०२१च्या व्याख्येनुसार संसर्गानंतर साधारण ३ महिन्यांनी आढळणारी, किमान २ महिने टिकलेली आणि दुसऱ्या निदानाने उलगडा न होणारी लक्षणे यात येतात. थकवा, धाप आणि विस्मरण ही त्यांतली ठळक. संसर्ग झाल्याची दाट शक्यता असली तरी या व्याख्येला पुरते, पॉझिटिव्ह रिपोर्टची सक्ती नाही. दुसऱ्या लाटेत घरच्या घरी ताप काढलेल्या असंख्य लोकांसाठी ही बाब फार मोलाची आहे.

वडोदऱ्यात सयाजी (एसएसजी) आणि गोत्री ही सरकारी रुग्णालये कोविड उपचारांची मुख्य ठिकाणे होती. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या मराठी वस्तीच्या जुन्या भागांना सयाजी जवळचे. पण दीर्घ कोविडचा रुग्ण क्वचितच खाटेवर असतो. तो चालत ओपीडीत येतो, केसपेपर काढतो आणि छातीरोग, हृदयरोग, मेंदूविकार अशा विभागांत फिरत राहतो. प्रत्येक ठिकाणी रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि माणूस मात्र जिना चढू शकत नाही. म्हणून आधी शहरी आरोग्य केंद्रातल्या किंवा ओळखीच्या एकाच डॉक्टरांकडे सगळे कागद एकत्र ठेवणे श्रेयस्कर. झोपून व उभे राहून नाडी आणि रक्तदाब मोजणे, ६ मिनिटे चालण्याची चाचणी अशा साध्या, स्वस्त तपासण्यांतूनही बरेच कळते.

खर्चाची अडचण इथेच उभी राहते. गुजरातमध्ये आयुष्मान (पीएमजेएवाय-मा) या सरकारी योजनेच्या कार्डावरची मोफत उपचारांची मर्यादा २०२३ पासून कुटुंबामागे वर्षाला १० लाख रुपये आहे, पण ही योजना मुख्यतः दाखल रुग्णांसाठी. वारंवारच्या ओपीडी फेऱ्या, औषधे आणि बुडालेली रोजी तिच्यात बसत नाही. केंद्राने ठरवलेले ५०,००० रुपयांचे साहाय्य मृतांच्या वारसांसाठी होते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांतही दीर्घ कोविड वेगळा नोंदलेला नाही. आजारी राहून जगलेल्यांचा विचार धोरणात मागेच पडला, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

फिजिओथेरपीत विशेष जपावे लागते. श्रमानंतर, कधी दुसऱ्या दिवशी, ज्यांची लक्षणे उसळतात त्यांना ‘रोज थोडे जास्त चाला’ हा सल्ला अपाय करू शकतो. त्यांनी दम लागण्याआधीच थांबावे, कामे तुकड्यांत करावीत. घरातल्या बाईला ही मोकळीक सहसा मिळत नाही. स्वयंपाक, पाणी, म्हाताऱ्यांची देखभाल तिच्यावरच असते आणि तिचा थकवा वयाच्या नावावर खपवला जातो. अशा वेळी औषधाच्या चिठ्ठीइतकेच रुग्णालयातील समाजसेवकाने घरच्यांशी बोलणे उपयोगी पडते. महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजकार्याची स्वतंत्र विद्याशाखा असल्याने शहरात या कामासाठी शिकलेली माणसे तयार होतात. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.