बोटुकलीची लांबी आणि तिची अंगलट

जिरे, बीज, बोटुकली ही माशांच्या पिल्लांच्या टप्प्यांची नावं मुळात लांबीची आहेत. तीन दिवसांचे जिरे 6-8 मिलिमीटरचे, संगोपन तळ्यातलं बीज 20-25चं, आणि जलाशयात सोडायची बोटुकली 80-100ची. कटला, रोहू, मृगळ या कार्प जातीच्या माशांची ही पिल्लं पूर्वी नदीतून यायची. पुराच्या पाण्यात बारीक जाळी लावून जिरे धरायचे, तर त्यात शिकारी माशांची पिल्लंही यायची. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात अंगुल इथं मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी मेंदूखालच्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवलं आणि शुद्ध बीजाची वाट मोकळी झाली. व्यवहारात मोजपट्टी मात्र लांबीचीच राहिली.

मेख तिथंच आहे. दाटी झाली, पेंड-कोंडा कमी पडला, तरी पिल्लू थोडंफार लांब होत राहतं. अंग भरत नाही. मग डोकं मोठं, पाठ धारदार आणि पोट खपाटीला, असं पिल्लू दिसतं. लांबीत ते पास होतं.

यावर जुना उपाय वजनाचा. स्कॉटलंडच्या फुल्टन यांच्या नावाने ओळखला जाणारा निर्देशांक असा: ग्रॅममधलं वजन गुणिले 100, भागिले सेंटिमीटरमधल्या लांबीचा घन. 10 सेंमी, 10 ग्रॅम म्हणजे 1; तेवढीच लांबी आणि 7 ग्रॅम म्हणजे 0.7. लांबीचा घन होत असल्याने हात जपून चालवावा लागतो: तीच 10 ग्रॅमची बोटुकली चुकून 10.5 सेंमी मोजली, तर उत्तर 0.86 येतं. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजायचं की शेपटीच्या खाचेपर्यंत, हे आधी ठरवून त्यालाच चिकटून राहावं. तोलण्याआधी पाणी टिपून घ्यावं. एक ग्रॅमच्या पिल्लावर थेंबभर पाणीही जड होतं.

पण घनाचा नियम गृहीत धरतो की आकार बदलत नाही, फक्त मासा मोठा होतो. पिल्लाचं तसं नसतं. सुरुवातीला ते सडपातळ, मग पाठ उंचावते. इंग्लंडमधल्या विंडरमियर सरोवरातल्या पर्च माशांवर काम करताना ले क्रेन यांनी 1951 मध्ये वेगळा मार्ग धरला: त्याच माशांवरून लांबी-वजनाचं समीकरण काढायचं आणि प्रत्यक्ष वजनाला अपेक्षित वजनाने भागायचं. कटल्याची तुलना मृगळाशी करण्याची चूकही त्याने टळते. कटला जात्याच मोठ्या डोक्याचा.

आणि मोठं डोकं दिसलं म्हणून लॉट टाकूनही देऊ नये. आंध्रात बोटुकल्या मुद्दाम दाटीत, कमी खाद्यावर वर्षभर रोखून ठेवतात. मोकळ्या तळ्यात पोटभर खाद्य मिळालं की त्या झपाट्याने भरून निघतात. घेताना म्हणून वय विचारायचं आणि कल्ले उचलून पाहायचे: लालभडक असतील तर उपाशी असण्याची शक्यता जास्त, फिकट किंवा चिकट असतील तर रोगाचा संशय घ्यावा.