गोदीतून लोकसभेकडे : जॉर्ज फर्नांडिस यांच्या १९६७ च्या पहिल्या लढतीची पार्श्वभूमी

फेब्रुवारी १९६७ मध्ये जॉर्ज फर्नांडिस संयुक्त समाजवादी पक्षातर्फे दक्षिण मुंबईतून पहिल्यांदा लोकसभेला उभे राहिले, तेव्हा ते ३६ वर्षांचे होते. समोर स. का. पाटील होते. केंद्रात रेल्वेमंत्री, मुंबईचे तीनदा झालेले महापौर, शहर काँग्रेसचे सर्वेसर्वा आणि पक्षासाठी पैसा उभा करणारे म्हणून देशभर ओळखलेले. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत भलेभले वाहून गेले, तरी पाटील निवडून आलेच. अशा पाटलांना १९६७ मध्ये फर्नांडिस यांनी हरवले, आणि त्यांना ‘जायंट किलर’ हे नाव चिकटले. पण त्या नावाने निकाल एका रात्रीतला चमत्कार वाटतो, आणि आधीची सतरा वर्षे झाकली जातात.

कामगारांचा माणूस कायदेमंडळात जाण्याची वाट आधी फार वेगळी होती. ना. म. जोशी १९२१ पासून केंद्रीय कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडत राहिले, पण ते सरकारनियुक्त सभासद होते. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक विधानसभांत कामगारांसाठी काही जागा राखून ठेवल्या. १९५२ पासून प्रौढ मताधिकार आला आणि त्याबरोबर या राखीव जागा गेल्या. आता मतदारसंघ म्हणजे नकाशावरचा एक तुकडा, आणि त्यात कामगारही एक मतदार, दुकानदारही एक मतदार. कामगार पुढाऱ्याची खरी अडचण इथून सुरू होते.

फर्नांडिस १९५० च्या सुमारास मंगळूरकडून मुंबईत आले. पाद्री होण्याचे शिक्षण अर्धवट सोडलेले, राहायला जागा नाही, रात्र चौपाटीच्या बाकावर. त्यांना घडवले ते गोदी कामगारांचे नेते प्लासिड डिमेलो यांनी. गोदीशेजारचा जुना फ्रियर रोड आज पी. डिमेलो रोड आहे, तो त्यांच्याच नावाने. गोदीतले काम रोजंदारीचे, जहाज लागेल तसे. १९४८ च्या गोदी कामगार कायद्यानंतर डॉक लेबर बोर्ड आले आणि नोंदणीकृत कामगाराला पाळीची थोडी तरी शाश्वती मिळू लागली. पाळी कशी लागते, हजेरी कोण धरतो, मुकादम कुठे पैसे कापतो, हे ज्याला पाठ तोच इथे टिकायचा. १९५८ मध्ये डिमेलो गेले आणि कामाचा मोठा भार फर्नांडिस यांच्यावर आला.

ते स्वतः गोदीतले कामगार नव्हते, आणि कायद्याला ते चालत होते. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात युनियनच्या पदाधिकाऱ्यांपैकी किमान निम्मे त्या उद्योगात प्रत्यक्ष काम करणारे हवेत, उरलेले बाहेरचे चालतात, अशी तरतूद त्या काळी होती. व्यवस्थापन ज्याला नोकरीवरून काढू शकत नाही असा माणूस बोलणी करायला लागतो, म्हणून ही सोय. मुंबईतले कितीतरी मोठे कामगार पुढारी याच दाराने आले.

गिरणगावात राष्ट्रीय मिल मजदूर संघाला कायद्याने प्रातिनिधिक युनियनचा, म्हणजे कामगारांच्या वतीने बोलणी करण्याचा, दर्जा होता आणि कामगारांच्या मनात लाल बावट्याची, म्हणजे कम्युनिस्टांची, जागा होती. समाजवाद्यांना तिथे फारसा वाव नव्हता. फर्नांडिस यांची ताकद उभी राहिली ती गिरणीबाहेर : गोदी, महापालिकेचे कामगार, बेस्ट, टॅक्सीचालक, हॉटेल कामगार. गिरणी बंद पडली तर मालकाचे नुकसान होते. कचरा उचलला गेला नाही, बस आगारातून निघाली नाही, टॅक्सी स्टँडवरच उभी राहिली, तर दुपारपर्यंत अख्ख्या शहराला कळते. याच कामगारांच्या जोरावर त्यांचे नाव घराघरांत गेले. मात्र बंदमुळे हाल झालेला मतदार रागावतो, हेही तितकेच खरे.

तो राग उतरवायला महापालिका उपयोगी पडली. १९६१ पासून ते नगरसेवक होते. नळाला पाणी नाही, संडास तुंबला, चाळीची भिंत खचली, असल्या तक्रारी घेऊन बिगरकामगार माणूसही त्यांच्याकडे येऊ लागला. माझ्या मते १९६७ चा पाया संपात कमी आणि या सहा वर्षांत जास्त आहे.

कारण युनियनची सभासद-यादी आणि मतदारयादी या दोन वेगळ्या वह्या आहेत. मतदार म्हणून नाव लागते ते राहत्या ठिकाणी, कामाच्या ठिकाणी नाही. दक्षिण मुंबईत राबणारा माणूस परळला, कुर्ल्याला, पार उपनगरात राहतो. त्याचे मत तिथल्या मतदारसंघात पडते. गाळ्यात वीसजण मिळून राहणाऱ्यांपैकी अनेकांची नावे गावच्या यादीत, किंवा कुठेच नाहीत. तेव्हा मताचे वय २१ होते, म्हणजे तरुण पोरे बाहेरच. सभेला मैदान भरते आणि पेटी रिकामी निघते, त्यामागे बहुतेकदा हेच असते. अशा ठिकाणी सभासदाचे मत मोजायचे नसते, त्याचे पाय मोजायचे असतात. मत भायखळ्याच्या पलीकडे असले तरी तो इथे जिने चढतो, चिठ्ठ्या वाटतो, बूथवर बसतो.

पैशाचे गणितही सांगायला हवे. लोकसभेच्या उमेदवाराला अनामत ५०० रुपये आणि खर्चाची मर्यादा २५,००० रुपये होती. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते मिळाली नाहीत तर अनामत जप्त. युनियनची तिजोरी प्रचाराला वापरता येत नाही. त्यासाठी वेगळा राजकीय निधी लागतो, त्यात वर्गणी देणे ऐच्छिक असते, आणि न देणाऱ्या सभासदाला कोणताही हक्क नाकारता येत नाही. हिशेब एकत्र झाले की युनियन गोत्यात येते.

मतदान कागदी मतपत्रिकेवर, फुलीच्या शिक्क्याने. शिक्का दोन नावांमधल्या रेघेवर पडला आणि मत नेमके कोणाला ते ठरेना, दोन ठिकाणी उमटला, किंवा शिक्क्याऐवजी अंगठा लागला, की मत बाद. अक्षरओळख नसलेल्या वस्तीत नमुन्याची मतपत्रिका घेऊन शिक्का कुठे मारायचा, शाई वाळू देऊन घडी कशी घालायची, हे एकेका घरात दाखवावे लागायचे. कंटाळवाणे काम आहे, पण भाषणाने जमवलेली मते इथे राखली जातात.

हवाही पाटलांच्या विरोधात फिरली होती. मुंबई महाराष्ट्राला देण्यास त्यांनी केलेला विरोध मराठी माणूस विसरला नव्हता. अन्नमंत्री असताना मे १९६० मध्ये त्यांनी अमेरिकेशी पीएल-४८० या तिथल्या धान्यमदत कायद्याखाली १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदळाचा करार केला होता. पुढे १९६५ आणि १९६६ असा सलग दुष्काळ पडला, रेशनच्या रांगा लांबल्या, आणि ६ जून १९६६ ला रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला. महागाईने काँग्रेसचा परंपरागत मतदारही दुखावला.

तरीही पाटील पडतील यावर कोणाचा विश्वास नव्हता, आणि संयुक्त समाजवादी पक्षाच्या प्रचाराने नेमके तेच धरले. पाटील वाईट आहेत हे सांगण्यापेक्षा पाटील पडू शकतात, आणि ते तुमच्या हातात आहे, हे मतदाराला पुन्हा पुन्हा सांगितले. ‘माझे एक मत फुकट जाईल’ हा समज मोडणे ही त्या प्रचारातली सर्वात हुशारीची गोष्ट होती.

फर्नांडिस यांना सुमारे ४८.५ टक्के मते मिळाली आणि पाटील पडले. त्याच निवडणुकीत काँग्रेसचे बडे नेते कामराज आणि अतुल्य घोष हेही पडले. काँग्रेस ५२० पैकी २८३ जागांवर आली. पाटील पुढे १९६९ च्या पोटनिवडणुकीत गुजरातेतील बनासकांठातून लोकसभेत परतले.

फर्नांडिस मात्र १९७१ मध्ये हरले. गोदी, बेस्ट, टॅक्सी सारे जागच्या जागी होते, पण या वेळी इंदिरा गांधींची लाट होती आणि पाडायला समोर पाटील नव्हते. १९७४ चा रेल्वे संप, आणीबाणीतला तुरुंग, १९७७ मध्ये तुरुंगातूनच जिंकलेले बिहारमधले मुझफ्फरपूर, हे सगळे त्यानंतरचे. दक्षिण मुंबईतून ते पुन्हा कधी निवडून आले नाहीत.