अखंड फळीचं टेबल की व्हिनियरचं? नाशकात डायनिंग टेबल घेण्याआधी

गंगापूर रोडवरच्या फर्निचरच्या दालनात सहा माणसांची दोन टेबलं शेजारीशेजारी मांडलेली असतात. दोन्ही सागाच्या रंगाची, दोन्हींवर सागाच्या ओळखीच्या कमानदार रेषा, दोन्हींची कड दीड इंच जाड. किमतीत मात्र डोळे विस्फारावेत एवढी तफावत. विकणारा दोन्हींना सागवानीच म्हणतो आणि त्यात तो खोटं बोलत नसतो. पहिल्या टेबलात साग वरपासून खालपर्यंत आहे. दुसऱ्यात तो फक्त वरचा अर्धा मिलिमीटर आहे.

अखंड लाकडाचं टेबल म्हणजे ओंडका करवतीवर चिरून काढलेल्या जाड फळीचं टेबल. फळी वाळवायची, रंधायची, पॉलिश करायची आणि खाली पाय द्यायचे. ही फळी एकच असेल किंवा तीन-चार फळ्या कडेला कड चिकटवून रुंदी साधलेली असेल. दोन्ही प्रकार अखंड लाकडातच मोडतात. तीन फूट रुंदीची एकसंध सागवानी फळी आज मिळणं जवळजवळ अशक्य आहे. तेवढा घेर यायला सागाला कित्येक दशकं उभं राहावं लागतं. म्हणून सालीकडची वेडीवाकडी कड तशीच ठेवलेले जे एकसंध स्लॅब दिसतात ते बहुधा रेन ट्री, शिरीष, आंबा किंवा चिंचेचे असतात. साग हवा असेल तर जोडफळी घ्यावी आणि त्यात कमीपणा मानू नये. नीट रंधलेल्या कडांचा, चांगल्या गोंदाचा सांधा शेजारच्या लाकडाइतकाच पक्का होतो.

व्हिनियरची तऱ्हा वेगळी. चांगल्या ओंडक्याचे यंत्रावर पातळ पापुद्रे काढतात, साधारण ०.४ ते ०.६ मिलिमीटरचे, लग्नपत्रिकेच्या कार्डाएवढे. हा पापुद्रा प्लायवर, ब्लॉकबोर्डवर (आत लाकडी पट्ट्या असलेला बोर्ड) किंवा एमडीएफवर (लाकडाचे तंतू गोंदात दाबून केलेला बोर्ड) दाबून चिकटवतात. दीड इंची फळीच्या जाडीत असे पाऊणशे पापुद्रे बसतात. म्हणजे एका टेबलापुरत्या सागातून कितीतरी घरांच्या पृष्ठभागांना साग मिळतो. झाडाच्या बाजूने पाहिलं तर ही मोठी काटकसर आहे आणि मी तिला नकली म्हणणार नाही. माझा आक्षेप एवढाच की घेणाऱ्याला आपण काय घेतोय हे ठाऊक असावं.

ओळखायचं कसं? वरून पाहून नाही. वरची बाजू दोन्हींत खऱ्या लाकडाचीच असते. टेबलाच्या आखूड बाजूला जा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि फळीच्या टोकाकडे पाहा. अखंड फळीच्या टोकाला झाडाच्या वर्षवलयांचे तुकडे चापासारखे वळलेले दिसतात आणि त्यांत बारीक बारीक छिद्रं असतात. साग दरवर्षी वाढीच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ धरतो, त्यामुळे त्याची वलयं साध्या डोळ्यांना उठून दिसतात. आता वरची एखादी ठळक रेषा धरा आणि बोट टोकापर्यंत सरकवत न्या. अखंड लाकडात ती रेषा कडेवरून उतरून टोकाच्या एखाद्या वलयाला जाऊन मिळते. व्हिनियरमध्ये ती कडेपाशी तुटते आणि पुढे वेगळ्याच लाकडाची पट्टी सुरू होते. आपल्याकडचे मिस्त्री तिला लिपिंग किंवा बीडिंग म्हणतात.

गाठीची परीक्षा तर याहून सोपी. वर कुठे गाठ दिसली तर वाकून टेबलाखाली तिच्या जवळपास पाहा. गाठ म्हणजे फांदीचं मूळ, ते लाकडात आत गेलेलं असतं. दीड इंचाच्या फळीत ते बहुतेक वेळा खालीही निघतं, थोडं सरकलेलं, आकार जरा बदललेला. व्हिनियरखाली असलं काही सापडत नाही. आणि तीच गाठ टेबलावर फूटभर अंतराने पुन्हा पुन्हा दिसत असेल तर पुढे काही तपासायची गरजच नाही. एकामागोमाग काढलेले पापुद्रे शेजारी लावले की नक्षी अशीच परतून येते.

वजनावर मात्र अजिबात विसंबू नका. उचलून बघायचं, जड लागलं की खरं लाकूड, असं अनेक जण मानतात. सहा बाय तीन फुटांचा दीड इंची सागवानी टॉप ४० किलोच्या आसपास भरतो. तेवढाच भरीव एमडीएफचा टॉप त्याहून जडच भरेल. दिसणाऱ्या जाडीचंही तेच. १८ मिलिमीटरच्या बोर्डाला फक्त कडेने खालून दुसरी पट्टी लावून ती ३६ची दाखवतात. कडेखाली हात घालून आत सरकवा; मध्येच पायरी लागली तर जाडी दिखाऊ आहे.

इथवर झाली ओळख. आता ज्यासाठी लोक अखंड फळीला जास्त पैसे मोजतात त्याकडे येऊ.

जेवणाचं टेबल घरातलं सर्वांत जास्त राबणारं लाकूड असतं. त्यावर ताटं सरकतात, कुकर टेकतो, मुलं कंपासपेटीतल्या करकट्याने रेघोट्या ओढतात, कुणीतरी कणीक मळतं. आमटी सांडली की हळदीचा डाग. हळदीचा रंग उन्हात उडतो, त्यामुळे तेलाने पॉलिश केलेल्या टेबलावरचा डाग खिडकीतल्या उन्हात हळूहळू फिका होतो, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट. गरम भांड्याने पॉलिशवर पांढरं वर्तुळ उमटतं. हे सगळं दोन्ही टेबलांवर सारखंच होणार. फरक पडतो तो दुरुस्तीला. अखंड फळीवर पंधरा वर्षांनी मिस्त्री बोलवा, तो रंधा आणि पॉलिशपेपर मारून वरचा एक-दीड मिलिमीटर काढेल आणि खालून पुन्हा तेच लाकूड निघेल. ३८ मिलिमीटरच्या फळीला याने काहीच फरक पडत नाही. नातवंडांच्या हाती जाईपर्यंत हे अनेकदा करता येतं. व्हिनियरला हलक्या हाताने एखाद्या वेळी पॉलिशपेपर मारता येईल, पण जरा जोर झाला की खालचा प्लाय उघडा पडतो. कुकरच्या उष्णतेने खालचा गोंद सुटून फुगा आला, किंवा कोपऱ्याला टिचलं, तर तिथे ठिगळच लावावं लागतं आणि ते दिसतंच.

माझ्या दृष्टीने अखंड टेबलाची सगळी ओढ इथे आहे. लोक सहसा त्याच्या देखणेपणाबद्दल बोलतात आणि देखणेपणात दोन्ही टेबलं सारखीच. अखंड टेबल वापराचे ओरखडे पोटात घेतं आणि हवं तेव्हा पुन्हा कोवळं होऊन दाखवतं. घरात रोज हाताळल्या जाणाऱ्या फार थोड्या वस्तूंना हे जमतं.

पण अखंड लाकूड हलतं. हे समजून न घेता जो ते विकत घेतो तो पहिल्याच पावसाळ्यानंतर तक्रार करतो. वाळलेलं लाकूडही हवेतला ओलावा शोषतं आणि सोडतं. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र फुगतं आणि आकसतं. साग यात सर्वांत शांत लाकडांपैकी एक, तरीही तीन फूट रुंदीच्या सागवानी टॉपमधला ओलावा चार टक्क्यांनी बदलला तर रुंदी पाच ते सात मिलिमीटर कमीजास्त होऊ शकते. नाशकात एप्रिल-मेची कोरडी हवा आणि जुलै-ऑगस्टची दमट हवा यांत असा फरक सहज पडतो. इगतपुरी किंवा त्र्यंबककडच्या घरात टेबल न्यायचं असेल तर तिथला पाऊस नाशिक शहराच्या कित्येक पट, हे आधीच मिस्त्रीच्या कानावर घाला.

म्हणून टॉप फ्रेमला कसा बसवलाय हे टेबलाखाली वाकून बघायलाच हवं. चारही बाजूंनी स्क्रू घट्ट पिळले असतील आणि वर गोंदही लावला असेल तर फळीला हलायला जागा नाही. मग ती एक तर तडकते, नाहीतर फ्रेम ओढते. जाणकार मिस्त्री स्क्रूसाठी रुंदीच्या दिशेने लांबट भोकं पाडतो, किंवा फ्रेमच्या खाचेत अडकणारे छोटे लाकडी ठोकळे लावतो. टॉप धरून राहतो आणि सरकतोही. एवढी एक गोष्ट पाहिलीत तरी कारागीर कसा आहे ते कळतं. प्लायला हा त्रास नसतो. त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते एकमेकांना हलू देत नाहीत. स्थिरतेत व्हिनियरचं टेबल सरस आहे आणि हे मान्य करायला हवं.

स्लॅबमधल्या भेगांचंही कारण हेच. लाकूड वलयांच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मं केंद्राच्या दिशेने आकसतं. या ओढाताणीत ज्या स्लॅबमध्ये ओंडक्याचा मधला बिंदू आला आहे तो तडकण्याची शक्यता फार. टोकाला पूर्ण गोल वलयं दिसली तर त्या स्लॅबला भेग पडणार असं गृहीत धरा. जपानी वंशाचे अमेरिकन लाकूड कारागीर जॉर्ज नाकाशिमा (१९०५–१९९०) यांनी भेगा लपवल्या नाहीत. भेगेवर आडवी, फुलपाखराच्या आकाराची लाकडी चावी बसवून ती पुढे वाढणार नाही अशी धरून ठेवायची, ही पद्धत त्यांच्या टेबलांमुळे जगभर गेली. नाकाशिमा तरुणपणी, १९३०च्या दशकात, पाँडिचेरीत श्री अरविंद आश्रमाच्या गोलकोंडे या इमारतीच्या कामावर होते आणि १९६४ साली त्यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठीही फर्निचरचे आराखडे केले. आज नाशकात कुणी चावी बसवलेला स्लॅब दाखवला तर तो दोष म्हणून भाव पाडायला वापरू नका. उलट भेगेत नुसतं रेझिन ओतून ती झाकली असेल तर ती किती खोल जाते ते विचारा.

मग व्हिनियर कुठे? कपाटाची दारं, पलंगाची डोक्याकडची बाजू, टीव्हीमागची भिंत, या सगळ्यांसाठी मी डोळे मिटून व्हिनियर सांगेन. तिथे घासाघीस नाही, पाणी नाही, आणि अखंड फळीचं मोठं दार पावसाळ्यात फुगून अडकतं. फक्त आतला बोर्ड विचारून घ्या. साध्या प्लायसाठी आयएस ३०३ आणि मरीन, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या, प्लायसाठी आयएस ७१० ही मानकं आहेत, खूण बोर्डावर छापलेली असते. पाण्याच्या जवळ एमडीएफ नको. तो एकदा फुगला की परत बसत नाही. टेबलाच्या बाबतीत बजेट आखडतं असेल तर टॉप अखंड घ्या आणि पाय साधे ठेवा. उलटं करू नका.

अखंड लाकूड घ्यायचं ठरलं तर वखारीत जाऊन फळी स्वतः पाहिलेली बरी. तिथे लाकूड घनफुटाने विकतात, प्लाय-व्हिनियर चौरस फुटाने. सहा बाय तीन फूट, दीड इंच जाडीच्या टॉपमध्ये सव्वादोन घनफूट लाकूड असतं. रंधण्यात आणि कापण्यात जाणारं धरून तीन घनफुटांहून जास्त लागतं. कोटेशनमध्ये टॉपचा हिशेब चौरस फुटाने लावलेला दिसला तर जाडी आणि आतलं लाकूड लेखी मागा. ओलावा मोजायचं मीटर बहुतेक चांगल्या कारागिरांकडे असतं. फळीत १० ते १२ टक्क्यांच्या आसपास दाखवायला हवं. नुसतं उन्हावाऱ्यात वाळवायचं तर इंचभर जाडीला ढोबळ मानाने वर्ष लागतं. भट्टीत हे काम काही आठवड्यांत होतं. सागाच्या कडेचं पांढरं लाकूड टॉपमध्ये कमीत कमी यावं, कारण कीड आधी त्यालाच लागते. गाभ्यातल्या तेलांमुळे वाळवी सागाच्या वाटेला सहसा जात नाही. आंबा आणि शिरीष स्वस्त पडतात, पण ते औषध मारलेले आणि नीट वाळवलेलेच घ्यावेत. टेबलाखाली पिठासारखा भुसा दिसला की कीड आत आहे असं समजायचं. बाभूळ चिवट आणि देखणी, पण तिच्यावर ओला लोखंडी तवा ठेवलात तर काळा डाग पडेल. शेतातलं स्वतःचं झाड वापरायचा विचार असेल तर तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा परवाना यांसाठी आधी वन खात्याकडे चौकशी करा.

या सगळ्याहून मला जास्त आवडणारा एक पर्याय जुन्या नाशकातच आहे. पंचवटी, सराफ बाजार, भद्रकाली या भागांतले वाडे उतरवले जातात तेव्हा तुळया, खांब आणि कडीपाटाच्या फळ्या जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे येतात. हा साग पिढ्यान्‌पिढ्या छपराखाली मुरलेला असतो, त्यामुळे तो पुरता वाळलेला असतो; ऋतूंप्रमाणे थोडा मात्र तोही हलतो. त्याची रुंदी मात्र आठ-दहा इंचांच्या पुढे क्वचितच मिळते, म्हणजे टेबल जोडफळीचंच होणार. खिळ्यांची भोकं आणि जुन्या खाचा राहतील. त्या बुजवायच्या की दिसू द्यायच्या हे आधी ठरवा. मिस्त्रीला रंधा लावण्यापूर्वी प्रत्येक फळी लोहचुंबकाने तपासायला सांगा. आत मोडून राहिलेला एक खिळा यंत्राचं पातं खराब करतो आणि मग तो खर्च तुमच्या बिलात येतो.