चिल्टर्नच्या माथ्यावर बनारसच्या राजाचा आड

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशर परगण्यात, हेन्लीच्या पश्चिमेला, स्टोक रो नावाचं छोटं गाव आहे. गावातल्या रस्त्याच्या कडेलाच एक घुमटी दिसते. बिडाचे खांब, त्यांवर २३ फूट उंच घुमट, खाली रहाट आणि रहाटाच्या माथ्यावर सोनेरी मुलामा दिलेला हत्ती. ही विहीर बनारसच्या महाराजांनी दिली, असं घुमटाच्या कडेने इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं आहे. आजूबाजूला बीच वृक्षांची दाट राई, गारगोटीच्या भिंतींची घरं, एक लहानसं चर्च. या सगळ्यात तो हत्ती इतका अनपेक्षित आहे की बहुतेक फिरस्ते त्याचा फोटो काढतात आणि पुढे जातात. पण तो तिथे का आला हे कळलं, की आसपासची बाकीची ठिकाणंही नीट उलगडतात. कारण या मुलखातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या गोष्टीच्या मुळाशी पाणी आहे. कुठे असलेलं, कुठे नसलेलं.

चिल्टर्नच्या टेकड्या खडूच्या आहेत. फळ्यावर लिहायचा तो खडू, त्याचेच शेकडो फूट जाडीचे थर. खडूवर पाऊस कितीही पडला तरी तो थांबत नाही, झिरपून थेट खाली जातो. म्हणून हिरव्यागार दिसणाऱ्या या टेकड्यांवर ओढे नाहीत, झरे नाहीत. ज्यांना दऱ्या म्हणावं त्याही कोरड्या. आपल्याकडे दुष्काळी गाव म्हटलं की उघडे माळ आणि करपलेली झाडं डोळ्यांपुढे येतात. इथे रान गर्द, गवत ओलं, आणि तरी प्यायला पाणी नाही. माथ्यावर काही ठिकाणी खडूवर चिकणमातीचा आणि गारगोटीचा थर आहे. ती माती विटा आणि कौलांसाठी खणली जायची आणि त्या खड्ड्यांत पावसाचं पाणी साचायचं. स्टोक रोच्या लोकांना तेच गढूळ पाणी. भाजी उकडलेलं पाणी फेकायचं नाही, शेजारच्या घरी द्यायचं. कपडे धुवायचे ते पाऊस पडल्यावर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, लंडनपासून दिवसभराच्या अंतरावर, लोक असे राहत होते.

त्याला जुन्या हद्दींचीही साथ होती. नदीकाठच्या गावांच्या पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चखालच्या मुलखाच्या, हद्दी इथे लांबट पट्ट्यांसारख्या आखलेल्या होत्या. टेम्सकाठची कुरणं, मधली शेतं आणि वरचं रान, असं सगळं एकाच पट्ट्यात यावं म्हणून. इप्सडेन, न्यूनहॅम मरेन आणि मोंजवेल या तीन पट्ट्यांच्या वरच्या टोकाला स्टोक रोची वस्ती विखुरलेली होती. चर्च खाली, पाणी खाली, कारभारही खाली. लाकूडतोडे आणि मातीत राबणारी माणसं तेवढी वर. गावाला स्वतःचं चर्च मिळालं तेही एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीत. गरिबाच्या वस्तीला पाणी सगळ्यात शेवटी पोचतं, ही गोष्ट आपल्याला परकी नाही.

आता बनारस यात कसं आलं ते पाहू. इप्सडेनच्या जमीनदार रीड घराण्यातला एडवर्ड अँडर्डन रीड ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकरीत हिंदुस्थानात गेला. १८३१ मध्ये आझमगडकडे असताना त्याने लोकांसाठी एक विहीर खणवली. पुढे तो वायव्य प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या बऱ्याचशा भागात, वरच्या हुद्द्यांवर चढला. १८५७ च्या उठावात आग्र्याच्या किल्ल्यात लेफ्टनंट गव्हर्नर कॉल्विन वारले, तेव्हा काही दिवस कारभार त्याच्याकडे होता. बनारसचे महाराजा ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्याचा स्नेह जमला. बोलता बोलता त्याने आपल्या गावाकडची हकिगत सांगितली असं सांगतात: घरातलं शेवटचं घोटभर पाणी प्यायलं म्हणून एका लहान मुलाला मार खाताना त्याने पाहिलं होतं. १८६० मध्ये रीड निवृत्त होऊन परतला. जाताना त्याने महाराजांना एकच विनंती केली, की आझमगडची ती विहीर सर्वांना खुली राहावी.

दोनेक वर्षांनी महाराजांच्या मनात इंग्लंडमध्ये काहीतरी धर्मादाय काम करायचं आलं. तेव्हा त्यांना ते तहानलेलं पोर आठवलं. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पण तिची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. १८५७ मध्ये बनारस संस्थान इंग्रजांच्या बाजूला राहिलं होतं, आणि उठाव मोडल्यावर राजनिष्ठा दाखवण्याचे असे मार्ग संस्थानिक शोधतच होते. आणि ज्या वायव्य प्रांतात रीडने नोकरी केली, तिथल्या गंगा-यमुनेमधल्या वरच्या दोआबात १८६०-६१ मध्ये भीषण दुष्काळ पडला होता. तिथली माणसं अन्नाला मोताद होऊन मेली, त्याला दोन वर्षंही झाली नव्हती आणि ऑक्सफर्डशरात राजाच्या पैशाने विहीर खणली जात होती. महाराजांचा स्नेह खरा मानला तरी हा हिशेब डोळ्यांआड करता येत नाही.

कामाची सुरुवात १० मार्च १८६३ ला झाली. त्या दिवशी युवराज एडवर्ड आणि अलेक्झांड्रा यांचं लग्न होतं, आणि मुहूर्त मुद्दाम तोच धरला. खणती सगळी हातांनी. व्यास जेमतेम ४ फूट, म्हणजे एका माणसाने दोन्ही कोपर पसरले की भिंतीला टेकायला आले. एवढ्या जागेत एक माणूस खाली बसून खणणार, वरचे लोक माती ओढून घेणार, आणि डोक्यावरचा उजेडाचा गोल दिवसेंदिवस लहान होत जाणार. पाणी लागलं आणि काम थांबलं तेव्हा खोली ३६८ फूट झाली होती. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलची उंची ३६५ फूट आहे; ते अख्खं कॅथीड्रल या विहिरीत क्रुसासकट खोलीने मावलं असतं. नुसत्या पोकळीचाच हिशेब केला तर साडेचार हजार घनफुटांवर खडू आणि माती टोपलीटोपलीने वर आली.

मराठीत या रचनेला विहीर म्हणण्यापेक्षा आड म्हणणं जास्त बरोबर. पायऱ्या नाहीत, उतरायला जागा नाही. अरुंद, खोल आणि पोहऱ्याने शेंदायचा. दोन पोहरे होते, एक वर येताना दुसरा खाली जाई. रहाटाची दातेरी चाकं जवळच्या वॉलिंगफर्डमधल्या वाइल्डर यांच्या ओतकाम कारखान्यात झाली. मूठ फिरवत एक पोहरा वर आणायला दहा मिनिटांच्या आसपास लागायची. २४ मे १८६४ ला, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, आड गावासाठी खुला झाला. पाणी फुकट. खणण्याचा खर्च साडेतीनशे पौंडांच्या घरात गेला.

देखभालीची सोय मात्र रीडने फार विचाराने केली. शेजारच्या जमिनीत चेरीची बाग लावली. फळांच्या उत्पन्नातून आडाचा खर्च निघावा आणि रखवालदाराचं पोट भरावं, हा बेत. रखवालदाराला राहायला बाजूलाच अष्टकोनी छोटं घर. बागेचं नाव ‘ईश्री बाग’, महाराजांच्या नावावरून. बागेत माशाच्या आकाराचं तळं खोदलं, त्याचं नाव ‘मत्स्य’, कारण बनारस संस्थानाच्या चिन्हात मासा आहे. इंग्रज मजूर आणि त्यांची पोरं ही नावं कशी उच्चारत असतील, कोण जाणे, पण नावं टिकली. महाराजांनीही एकदा पैसे देऊन हात झटकले नाहीत. १८८२ मध्ये राणी हल्ल्यातून बचावली, तेव्हा त्यांच्या वतीने गावाला जेवण मिळालं आणि पाव, चहा, साखर वाटली गेली.

हिंदुस्थानातून इंग्लंडला पाणी देण्याची ही पद्धत पुढे चांगली रुजली. त्यातलं मुंबईकरांना ओळखीचं नाव म्हणजे सर कावसजी जहांगीर रेडीमनी. या पारशी धनिकाने दिलेली संगमरवरी पाणपोई १८६९ पासून लंडनच्या रीजंट्स पार्कात उभी आहे. इंग्रजी अमलात आपल्याला आणि पारशी समाजाला मिळालेल्या संरक्षणाबद्दल कृतज्ञता म्हणून ती दिल्याचं तिच्यावर कोरलेलं आहे. लंडनला जाणाऱ्या मराठी माणसाने ती आवर्जून पाहावी. फरक एवढाच की लंडनच्या बागेत पाण्याची शोभाही होती. स्टोक रोमध्ये फक्त गरज होती.

आडाकडून निघून पायी फिरलं की हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपांत भेटत राहते. उत्तरेला नेटलबेडमध्ये घरांच्या मधोमध बाटलीच्या आकाराची जुनी वीटभट्टी उभी आहे. स्टोक रोवाल्यांनी ज्या चिकणमातीच्या खड्ड्यांतलं पाणी प्यायलं, तीच माती इथे भाजली जात होती, आणि तीही मध्ययुगापासून. टेकडीच्या पायथ्याशी यूएल्म गाव आहे. माथ्यावर झिरपलेलं पाणी तिथे झऱ्यांतून बाहेर पडतं. इतकं स्वच्छ आणि बारमाही, की त्यावर वॉटरक्रेस नावाची पालेभाजी विसाव्या शतकापर्यंत वाफ्यांत पिकवली जात होती. जिथे पाणी तिथे पैसा आणि कायमची वस्ती, हे तिथल्या पंधराव्या शतकातल्या विटांच्या धर्मशाळेवरून आणि चर्चवरून लगेच कळतं. कवी चॉसरची नात ॲलिस, सफोकची डचेस, हिची कबर त्या चर्चमध्ये आहे. वर आडासाठी झगडणारं गाव आणि खाली कवीच्या नातीची संगमरवरासारखी झळकणारी मूर्ती, दोन्हींत अंतर काही मैलांचंच.

मोंजवेलपासून वर चढणारा ग्रिम्स डिच हा लोहयुगातला खंदक-बांधही चालण्यासारखा आहे. ८७ मैलांची रिजवे ही राष्ट्रीय पायवाट नफील्ड गावापर्यंत त्याच्याच कडेने जाते. इप्सडेनच्या शेतात एक दगडी पिरॅमिड दिसतो. तो रीडच्या भावाचं स्मारक आहे. हा भाऊ १८२७ मध्ये सहारनपूरला वारला. एका घराण्याचा एक मुलगा हिंदुस्थानच्या मातीत गेला आणि दुसऱ्याने तिथून गावाला पाणी आणलं.

विसाव्या शतकात नळ आले आणि रहाट थांबला. १९६१ मध्ये राणी एलिझाबेथ बनारसला गेल्या, तेव्हा तिथे त्यांना या आडाची प्रतिकृती भेट मिळाली. १९६४ च्या शताब्दी सोहळ्याला प्रिन्स फिलिप स्टोक रोला आले. त्या दिवशी बनारसहून आणलेलं गंगाजल या आडाच्या पाण्यात मिसळलं. पात्रातलं पाणी थोडंसंच होतं. पाण्याच्या पातळीपर्यंत पोचायला त्याला खडूच्या त्या चार फुटी नळीतून शंभर मीटरच्या वर खाली जायचं होतं.