स्टिअरिंग सरळ, तरी दिवा पेटलेला

खानापूरच्या माझ्या मेहुण्यांनी गाडीचे झिजलेले स्टिअरिंग व्हील बदलून घेतले आणि चोर्ला घाटाच्या पहिल्याच वळणांवर घसरत्या गाडीच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. गॅरेजमधून फोनवर सांगण्यात आले, ‘बॅटरीची तार दहा मिनिटे काढून ठेवा, सेन्सर आपोआप शून्यावर येतो.’ हा समज आपल्या भागात चांगलाच रुजला आहे आणि अनेक गाड्यांच्या बाबतीत तो चुकीचा आहे.

व्हील मध्यापासून किती अंश वळले, हे कोनमापक सेन्सर घसरण रोखणाऱ्या यंत्रणेला सांगतो. व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तीन फेरे घेते. त्यामुळे ३० अंश आणि ३९० अंश या दोन स्थिती डोळ्यांना सारख्याच दिसल्या, तरी सेन्सरला त्या वेगळ्या ओळखाव्या लागतात. यासाठी वापरलेली युक्ती बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला प्रत्येक टर्नर रोज हाताळतो, ती म्हणजे व्हर्नियर: किंचित वेगळ्या अंतराच्या दोन पट्ट्या जुळवून नेमके माप काढण्याची रीत. व्हीलबरोबर फिरणाऱ्या मोठ्या दातेरी चक्राला दोन लहान चक्रे जोडलेली असतात आणि त्या दोघांच्या दात्यांची संख्या मुद्दाम किंचित वेगळी ठेवलेली असते. समजा, मोठ्याला ५० दाते आहेत आणि लहानांना २४ व २५. व्हीलच्या एका फेऱ्यात पहिले लहान चक्र ७५० अंश फिरते, दुसरे ७२०. म्हणजे दर फेऱ्याला दोघांत ३० अंशांचे अंतर पडते आणि १२ फेरे होईपर्यंत तेच अंतर पुन्हा येत नाही. लहान चक्रांवरच्या चुंबकांची दिशा वाचून सेन्सर हे अंतर काढतो, आणि त्यावरून व्हील कोणत्या फेऱ्यात आहे हे गाडी सुरू होताक्षणी कळते. हे ज्ञान दात्यांच्या जुळणीत साठवलेले असल्यामुळे बॅटरी काढून ते पुसले जात नाही. काही गाड्यांत मात्र बॅटरी काढल्यावर व्हील दोन्ही टोकांपर्यंत फिरवून मध्य पुन्हा दाखवावा लागतो. वरचा समज बहुधा तिथूनच पसरला असावा.

मेहुण्यांना घाटाच्या तोंडाशी लिंबू उतरवण्याचा सल्लाही मिळाला होता. खंडेनवमीला गाडीची पूजा मीही मनोभावे करतो. पण हा दिवा पेटलेला असताना घसरण रोखणारी यंत्रणा सहसा बंद असते, आणि पावसाळ्यात तशी गाडी घाटात नेणे धोक्याचे आहे.

उद्यमबागेजवळच्या एका मिस्त्रींनी पुढची चाके सरळ ठेवून, गाडीतल्या सेन्सरचे आकडे वाचणाऱ्या स्कॅनरवर आकडा पाहिला: ३५८ अंश. आकडा दहाएक अंशांचा असता, तर व्हील दांड्यावर एखादा दाता चुकवून बसवल्याचा संशय आला असता. काहीच आकडा आला नसता, तर आधी जोडणी तपासावी लागली असती. जवळजवळ ३६० याचा अर्थ असा, की व्हील काढलेले असताना त्याखालची क्लॉक स्प्रिंग, म्हणजे फिरत्या व्हीलपर्यंत वीज नेणाऱ्या गुंडाळलेल्या तारेची डबी, पूर्ण एक फेरा फिरली होती, आणि या गाडीत सेन्सर तिच्यातच बसवलेला होता. अशा वेळी स्कॅनरवरून शून्य ठरवून घेण्याचा हट्ट धरू नये, कारण त्याने आकडा बदलला तरी फिरलेली स्प्रिंग तशीच राहते.

मिस्त्रींनी बॅटरीची ऋण तार सोडली, एअरबॅगच्या यंत्रणेत साठलेला विद्युतभार उतरावा म्हणून काही मिनिटे थांबून व्हील काढले आणि स्प्रिंग एक फेरा मागे घेऊन मध्यावरच्या खुणेशी जुळवली. आतली चपटी, फितीसारखी तार एका कडेला ताणून पांढुरकी पडली होती. हॉर्न आणि एअरबॅग या दोन्हींचा विद्युतप्रवाह तिच्यातूनच जातो, आणि त्या बाजूला व्हील टोकापर्यंत वळवले असते तर ती तुटलीच असती. म्हणून दिवा विझल्यावरही त्यांनी ती नवी बसवायला लावली.