ऑक्टोपॅडमधला नाशिक ढोल

पंचवटीतल्या एका हळदीला परवा ढोल वाजत होता, पण मांडवात ढोल कुठेच नव्हता. होता एक ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड), दोन काठ्या आणि शेजारी, कंपनी कुठलीही असो, आपण ज्याला ‘कॅसिओ’च म्हणतो तो कीबोर्ड. आधी सगळे नाचले. दहा मिनिटांनी मात्र कानाला काहीतरी टोचायला लागलं. ढोलातली लबाडी नाशिककराला लगेच कळते, फक्त कारण सांगता येत नाही.

कारण सॅम्पलमध्ये आहे. शितावरून भाताची परीक्षा करतात, तसंच हे. माइकमध्ये येणारी लाट सलग असते. यंत्र ठरावीक अंतराने तिची उंची मोजतं आणि आकडा लिहून ठेवतं. असा एक आकडा म्हणजे एक सॅम्पल. सीडीसाठी सेकंदाला 44,100 आकडे लागतात. इतके का? आपला कान फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला 20,000 कंपनांपर्यंत ऐकतो, आणि एखादं कंपन पकडायचं तर त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. कमी वेळा मोजलं तर वरची कंपनं नुसती गळून पडत नाहीत, वेष पालटून खालचे भलतेच स्वर होऊन परत येतात. याला अलायझिंग म्हणतात. म्हणून मोजणीआधीच ती फिल्टरने गाळून टाकतात. साध्या फोनवर सेकंदाला 8,000च मोजण्या होतात, त्यामुळे ताशाची धार पलीकडे पोचतच नाही. प्रत्येक आकडा किती बारकाईने लिहायचा हे बिट ठरवतात: 16 बिट म्हणजे 65,536 पायऱ्या.

घोळ पुढेच आहे. रेकॉर्ड केलेल्या अख्ख्या थापेलाही वादक ‘सॅम्पल’च म्हणतात. शिताला आणि पातेल्याला एकच नाव! 1980च्या सुमारास आलेल्या लिन एलएम-1 या ड्रम मशीनमध्ये खऱ्या ड्रमची अशी सॅम्पल्स भरलेली होती, आणि ऑक्टोपॅडमधला ढोल त्याच कुळातला.

खरा ढोलवाला एकसारख्या दोन थापा मारूच शकत नाही. टिपरू बोटभर सरकतं, पान तापतं, हात थकतो. पॅड मात्र तीच थाप हजारदा देतं, आणि जलद वाजवलं की मशीनगन चालल्यासारखं वाटतं. उपाय आहेत. 1983मध्ये आलेल्या मिडी या, इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांशी बोलायच्या पद्धतीत फटक्याचा जोर 0 ते 127 अशा आकड्यांत कळतो. त्यानुसार हलकी, मध्यम, जोरकस अशी वेगवेगळी सॅम्पल्स लावता येतात, किंवा एकाच जोराची चार-पाच ठेवून आळीपाळीने वाजवता येतात. एकच सॅम्पल सप्तकभर वर चढवलं, तर साध्या पद्धतीत ते दुप्पट वेगाने धावतं आणि निम्म्या वेळात संपतं. ढोलाची टिमकी होते.

दुसरी वाट सिंथेसिसची, म्हणजे आवाज यंत्रातच घडवण्याची. त्यात रेकॉर्डिंगच नसतं. ऑसिलेटर लाट काढतो, फिल्टर तिला तासतो आणि एन्व्हलप तिचा चढउतार ठरवतो. एन्व्हलपचे चार टप्पे: अटॅक (चढ), डिके (घसरण), सस्टेन (टिकाव), रिलीज (सोडल्यावरचं विरणं). सनईवाल्याचा दम टिकेपर्यंत स्वर टिकतो, तो सस्टेन. ढोलाला सस्टेन जवळपास नसतोच. क्षणात अटॅक, मग घसरण.

रामकुंडाजवळच्या नारोशंकर मंदिराची घंटा आठवा, वसईच्या विजयाची खूण म्हणून सांगतात ती. तिचाही अटॅक क्षणाचा, पण डिके लांबलचक. शिवाय घंटेतली कंपनं एकमेकांच्या नेमक्या पटीत नसतात, म्हणून तिचा नाद साध्या लाटांतून घडवणं किचकट. स्टॅनफर्डच्या जॉन चौनिंग यांना 1967मध्ये एक युक्ती सापडली: एका लाटेने दुसरीची कंपनसंख्या भरभर हलवत राहायची. दोनच ऑसिलेटरांतून घंटेसारखा खणखणाट निघाला. हीच एफएम, म्हणजे फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन, सिंथेसिस. 1983च्या यामाहा डीएक्स7 कीबोर्डने ती घरोघरी नेली.

हळद आटोपल्यावर ऑक्टोपॅडवाल्या पोराला विचारलंच, ढोलाची किती सॅम्पल्स भरलीत?

“एकच आहे, काका. चार घ्यायची होती, पण पहिलं घेतलं आणि ढोलवाल्याला मिरवणुकीचं बोलावणं आलं.”