पिढ्यांमधील न्याय : सार्वजनिक निवृत्तिवेतन आणि फौजदारी न्याय

एकाच राज्यात निरनिराळ्या काळी जन्मलेल्या पिढ्यांच्या वाट्याला सार्वजनिक लाभ, भार आणि शिक्षा कितपत रास्त प्रमाणात येतात, याचा शोध घेणारी समाजशास्त्रातील संशोधनशाखा. एकाच सुमारास जन्मणे ही वर्गासारखीच एक सामाजिक स्थिती आहे, ही समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांची १९२८ मधील मांडणी तिच्या मुळाशी आहे.

या अभ्यासात वय आणि पिढी यांची गल्लत टाळणे सर्वांत महत्त्वाचे ठरते. वृद्धांना तरुणांपेक्षा अधिक मिळाले, तरी आजचे तरुण उद्या वृद्ध होतात आणि तो फरक एकाच आयुष्यात फिटतो. जन्मसालामुळे पडलेला फरक मात्र पुढे कधीच फिटत नाही.

निवृत्तिवेतनात हे स्पष्ट दिसते. अमेरिकेतील व्हरमाँट राज्याच्या आयडा मे फुलर यांनी तीन वर्षांत २४.७५ डॉलर भरले, जानेवारी १९४० मध्ये त्यांना अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा योजनेतील पहिले मासिक निवृत्तिवेतन मिळाले आणि १९७५ मध्ये शंभराव्या वर्षी निधन होईपर्यंत त्यांच्या हाती एकूण २२,८८८.९२ डॉलर पडले. यात त्यांचा कोणताही लबाडपणा नव्हता. आज काम करणाऱ्यांच्या वर्गणीतून आजच्या निवृत्तांना पैसे देणाऱ्या योजनेत पहिल्या पिढीला जवळजवळ न भरताच लाभ होतो; त्यानंतरच्यांचा परतावा कामगारसंख्या आणि वेतन किती वाढते यावर अवलंबून राहतो. जन्मदर घटला की वर्गणी वाढवावी लागते किंवा निवृत्तिवेतन कापावे लागते. वर्गणी वजा जाता उरणारे वेतन आणि निवृत्तिवेतन यांचे गुणोत्तर स्थिर राखून तोटा दोन्ही पिढ्यांनी वाटून घ्यावा, हा अर्थतज्ज्ञ रिचर्ड मसग्रेव्ह यांचा तोडगा अधिक न्याय्य वाटतो. स्वीडनने १९९० च्या दशकात निवृत्तिवेतनाची रक्कम प्रत्येक पिढीच्या अपेक्षित आयुर्मानाशी जोडली. तथापि, पिढीची सरासरी फसवी असते : अंगमेहनतीची कामे करणारे बहुधा लवकर मरतात, त्यामुळे त्यांच्या वर्गणीचा लाभ त्याच पिढीतील सुस्थितीतल्या दीर्घायुषी लोकांकडे जातो.

फौजदारी न्यायाकडे या दृष्टीने पाहण्यास बराच उशीर झाला. गुन्ह्यांचे प्रमाण किशोरवयाच्या अखेरीस शिगेला पोहोचते आणि मग उतरते. हा आलेख सर्व काळांत व समाजांत सारखाच असतो, असे गुन्हेशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हर्शी आणि मायकेल गॉटफ्रेडसन यांनी १९८३ मध्ये प्रतिपादले. रोलंड नील आणि रॉबर्ट सॅम्पसन यांच्या २०२१ च्या संशोधनाने त्याला मोठी मुरड घातली. शिकागोतील १९८० आणि १९९० च्या दशकांत जन्मलेल्या मुलांचा मागोवा घेतल्यावर, नंतर जन्मलेल्यांना अटक होण्याचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि कौटुंबिक परिस्थिती किंवा आत्मसंयम यांतील भेदांनी ही तफावत पुरती उलगडली नाही. सारख्याच घरातली, सारख्याच स्वभावाची दोन मुले, केवळ दहा वर्षांच्या अंतराने जन्मल्यामुळे पोलीस दप्तरी वेगळी ठरली.

एकदा झालेली नोंद सहजासहजी पुसली जात नाही, म्हणून हा प्रश्न अटकेपाशी थांबत नाही. कॅलिफोर्नियाच्या १९९४ च्या कायद्यासारखे पूर्वीच्या दोषसिद्धीवरून शिक्षा वाढवणारे नियम कडक कारवाईच्या काळात वाढलेल्या पिढीला तो काळ सरल्यावरही जखडून ठेवतात. उलट, जुन्या पिढीच्या नोंदींवरून बेतलेली जोखीममापनाची साधने नंतरच्या पिढीतील व्यक्तींना अटक होण्याची शक्यता प्रत्यक्षाहून जास्त दाखवतात.